फॉर्मवर जमेची बाजू कुठे आहे?

नाशिक शहर आणि जिल्ह्यातली डे-केअर सेंटर, वृद्धाश्रम, पुनर्वसन केंद्रं आणि मानसिक आजारातून सावरणाऱ्यांसाठीची घरं चालवणारे विश्वस्त, व्यवस्थापक आणि तिथली डॉक्टर-थेरपिस्ट मंडळी यांना,

सप्रेम नमस्कार.

गेली नऊ वर्षं मी नाशिकमध्ये दुपारचं काम करते. जेवणं उरकली, गोळ्या झाल्या, फिजिओ येऊन गेले की तीन ते पाच या वेळात सगळ्यांना गुंतवून ठेवायला जी बाई येते, ती मी. कुठे मला अ‍ॅक्टिव्हिटी मॅडम म्हणतात, कुठे टीचर, एका ठिकाणी तर नुसतंच ‘गाणीवाल्या ताई’. त्याआधी शाळेत कार्यानुभव शिकवायचे. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या सेंटरचे जिने मी चढलेली आहे, त्यामुळे हे पत्र परक्याचं समजू नका. एकेकाला भेटून बोलायचा प्रयत्न केला, पण चहा होतो आणि विषय देणगीदारांवर जातो. म्हणून लिहायला बसले.

विषय साधा आहे. तुमचा अ‍ॅडमिशन फॉर्म.

आजवर सात-आठ ठिकाणचे फॉर्म मी हाताळलेत. कागद वेगळे, मजकूर एकच. नाव, वय, आधार, मेडिक्लेम, मग आजारांची यादी, मग काय जमत नाही त्याची यादी. एकट्याने चालता येतं का, संडासला जाता येतं का, गिळायला त्रास, विसराळूपणा, चिडचिड, रात्री ओरडणं, भटकणं, अंगावर धावून जाणं. चार पानं भरतात. चौथ्या पानाच्या तळाशी, जबाबदार नातेवाइकाच्या सहीच्या जरा वर, ‘छंद / आवडी’ असा रकाना. पुढे अर्धी ओळ. तिथे काय लिहिलेलं असतं तेही सांगते, कारण मी ते रोज वाचते. पुरुष असेल तर ‘टीव्ही, पेपर’. बाई असेल तर ‘देवपूजा, टीव्ही’.

दुकानाच्या वहीत जमा आणि नावे अशा दोन बाजू असतात. आपल्या फायलींत नावेची बाजू गच्च भरलेली आणि जमेची कोरी. आणि अशा वहीवरून आपण त्या माणसाचे पुढचे सगळे दिवस आखतो.

मी काही वरून उपदेश करत नाही. चार वर्षांपूर्वी माझ्या वडिलांना पॅरालिसिसचा अटॅक आला, उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. एका केंद्रात त्यांना दाखल करायला घेऊन गेले. केंद्राचं नाव सांगत नाही; फॉर्म सगळीकडे तोच, मग नाव घेऊन काय करायचं. टेबलापलीकडच्या मुलाने वडिलांकडे न बघता मला विचारलं, “बाबांना बोललेलं कळतं का?” बाबा समोर व्हीलचेअरवर. त्यांची डाव्या हाताची बोटं खुर्चीच्या दांड्यावर वाजत होती. मुलाने ते बघितलं आणि ‘अस्वस्थता’ पुढे बरोबरची खूण केली. मग छंद. या कामात पाच वर्षं काढलेल्या मी काय सांगावं? “टीव्ही, पेपर.”

भद्रकालीत वाढलेला माणूस. तरुणपणी रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात, धप्पा मारायला (उडी घ्यायला) पहिल्या फळीत. गल्लीतल्या लग्नकार्याला आचारी यायच्या आधी लोक आमच्या ओट्यावर यायचे, कारण दोनशे पानांना डाळ किती, तांदूळ किती, तेलाचे डबे किती, हे बाबा कागदाशिवाय सांगायचे. आणि एकादशीच्या भजनात ते ठेका धरायचे. दांड्यावर वाजत होता तो भजनी ठेका होता. मला तो ओळखू यायला हवा होता. रिक्षात बसून घरी येताना ओळखू आला, तोवर खूण झालेली होती. त्या एका खुणेपायी त्यांना संध्याकाळी शांत ठेवायची गोळी सुरू झाली, ती बंद करायला आम्हाला दीड महिना भांडावं लागलं. बाबा आता नाहीत. राग त्या मुलावर नाही. त्याच्यापुढच्या कागदाने त्याला तेवढंच विचारायला शिकवलं होतं.

आता दुसरा प्रसंग. यात चूक पूर्ण माझी.

एका डे-केअरला नाशिकरोडचे एक काका यायचे. नोट प्रेसमधून रिटायर. ज्या कारखान्यात 1928 पासून नोटा छापल्या जातात, तिथे त्यांनी एकतीस वर्षं छापून आलेली शीट न शीट तपासली. विस्मरणाचा आजार. डॉक्टरांच्या कागदावर एमएमएसई, म्हणजे स्मरणशक्ती-आकलनाच्या चाचणीचे गुण, 30 पैकी 17. वार सांगता येत नाही, शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं तर त्र्याण्णवच्या पुढे गाडी जात नाही. माझ्या रजिस्टरमध्ये त्यांच्या नावापुढे सलग चार महिने एकच ओळ होती : सहभाग नाही. आम्ही टाळ्या वाजवत गाणी म्हणायचो आणि काका खुर्ची वळवून भिंतीकडे तोंड करून बसायचे. एकदा तर मी ‘ग्रुपचा तिटकारा’ असंही लिहून ठेवलंय. माझंच अक्षर आहे, नाकारणार कशी?

जुलैची दुपार होती, बाहेर धो धो. मी तंबोल्याची तिकिटं आणली होती, स्वतः कॉम्प्युटरवर करून रंगीत छापून घेतलेली. एका तिकिटात 27 घरं, त्यातल्या 15 घरांत आकडे, भोवती लाल चौकट. वाटता वाटता एक काकांच्या मांडीवर ठेवलं. एरवी त्यांनी ते खाली टाकलं असतं. त्या दिवशी उचललं. दोन बोटांत एका कोपऱ्याला धरून खिडकीकडे तिरकं केलं. नोट खरी की खोटी बघताना आपण धरतो तसं नव्हे. कागद जवळजवळ आडवा, नजर त्याच्या पातळीत. मग मला म्हणाले, “हे पास करू नका. रजिस्टर हललंय.”

चौकटीचा लाल रंग आणि आतले काळे आकडे एकमेकांवर नीट बसले नव्हते. असेल अर्धा मिलिमीटर. मला तोपर्यंत दिसलंही नव्हतं. मी अख्खा गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला. साठ तिकिटं. ते उठून उभे राहिले, टेबल खिडकीपाशी ओढायला लावलं, उजेड डावीकडून घेतला आणि अंगठ्याने पत्ते सोडावेत तशी तिकिटं सोडत दोन ढीग केले. दहा मिनिटं लागली असतील. नापास ढिगात तीन तिकिटं वेगळी आडवी ठेवलेली. मी मोजून पाहिली. दोनांत एकच आकडा दोनदा आलेला, तिसऱ्यात चौदाच आकडे. काकांनी मोजलं नव्हतं, त्यांना ते दिसलं होतं.

चार महिने हा माणूस माझ्या खोलीत होता आणि मी त्याच्यापुढे टाळ वाजवत होते.

त्यानंतर मी पहिल्यांदा त्यांची खरी माहिती काढली. काढली म्हणजे विचारून नाही, बघून. उभं राहून काम दिलं तर तासभर टिकतात, बसवलं तर दहा मिनिटांत डोळा लागतो. शेजारी कोणीतरी गप्पपणे आपलं काम करत असलेलं त्यांना आवडतं. म्हणजे माणसांचा तिटकारा नव्हताच. टाळ्यांचा होता, आणि पोरांना शाबासकी देतात तसल्या शाबासकीचा तर फारच. आता आमच्याकडचा छापील कागद, मग तो प्रार्थनेचा असो की आठवड्याच्या मेनूचा, त्यांच्या टेबलावरून गेल्याशिवाय भिंतीला लागत नाही. आजार थांबलाय का? नाही. पुढच्या तपासणीत एमएमएसईचा आकडा एकाने खालीच आला. पण दुपारी “घरी जायचं, घरी जायचं” हे चालायचं ते जवळपास बंद झालं, आणि काकू म्हणतात की संध्याकाळी घरी आले की काहीतरी तक्रार सांगतात, कुठला कागद कसा भिकार होता त्याची. काकूंना त्या तक्रारीचं केवढं अप्रूप आहे!

ही नशिबाने लागलेली गोष्ट होती. तिकिटं नीट छापून आली असती तर मी आजही ‘सहभाग नाही’ लिहीत बसले असते. नशिबावर सोडलेली गोष्ट कागदावर आणता येते, एवढंच मला तुम्हाला सांगायचंय. आणि हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही.

ज्याला आपण विरंगुळा म्हणतो आणि मनातल्या मनात टाइमपास समजतो, ते अमेरिकेत रीतसर उपचाराचं क्षेत्र आहे, रिक्रिएशन थेरपी. हे काम करणाऱ्यांना प्रमाणपत्र देणारी राष्ट्रीय परिषद तिथे 1981 पासून आहे. कामाची घडी चार पायऱ्यांची : आधी माणूस नीट समजून घ्यायचा, मग आखणी, मग प्रत्यक्ष कार्यक्रम, मग काय साधलं ते तपासायचं. आपण थेट तिसऱ्या पायरीवर उडी मारतो. ढोलकी आली, टाळ आले, झालं सुरू. पहिली पायरी डॉक्टरांच्या फायलीतून उसनी घेतो, आणि ती फाइल तर आजार शोधण्यासाठी केलेली असते. तिने तिचं काम चोख केलंय. तिच्यात ठेका कसा सापडणार?

अर्थात तिथेही आधी उणिवाच मोजायचे. काय बिघडलंय ते शोधा, ते दुरुस्त करा, ही रीत. 1980 च्या दशकात कॅन्सस विद्यापीठातल्या समाजकार्याच्या लोकांनी दीर्घ मानसिक आजार असलेल्यांबरोबर काम करताना ती उलटवली. त्यांचं म्हणणं असं : तुला काय होतंय हे शंभर जणांनी विचारून झालंय. तुला काय हवंय, काय येतं, तुझ्या पाठीशी कोण आहे, हे आम्ही विचारतो. रिक्रिएशन थेरपीत हा विचार लिन अँडरसन आणि लिंडा हाइन या दोघींनी 2012 मध्ये पूर्ण आराखडा करून मांडला. त्यातली मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे माणसाच्या जमेच्या बाजू दोन ठिकाणी शोधायच्या. काही त्याच्या आत असतात : कसब, आवड, स्वभाव, श्रद्धा, आठवणी. काही बाहेर : घरचे, शेजारी, देऊळ, पारावरची मंडळी, चालत जाता येईल असं वाचनालय. जागतिक आरोग्य संघटनेने 2001 मध्ये केलेल्या आरोग्य आणि अपंगत्वाच्या आयसीएफ या वर्गीकरणातही नुसतं शरीर नाही. माणूस कशाकशात भाग घेतो आणि भोवतालचं काय त्याला मदत करतं, काय आडवं येतं, तेही नोंदवायचं असतं. करमणूक आणि विरंगुळा याला त्यात स्वतःचा सांकेतिक क्रमांक आहे. आपण मात्र दिव्यांग प्रमाणपत्रावरची टक्केवारी उतरवून घेतो आणि पान उलटतो. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर सवलती मिळतात, म्हणून तो आकडा हवाच. पण उरलेल्या साठ टक्क्यांना कोणी विचारतं का?

कायद्याचं म्हणाल तर तोही आपल्या बाजूने आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं 29 वं कलम संस्कृती आणि करमणुकीबद्दल आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार केंद्रांत राहणाऱ्यांना विरंगुळ्याच्या सोयीचा हक्क दिलाय. 2021 च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्याच्या परिशिष्टात तर रिक्रिएशनल थेरपिस्ट हा शब्दच आलाय. आणि राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच म्हसरूळला आहे. तिथल्या मंडळींनाही या पत्राची प्रत देणार आहे. व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) शिकणारी मुलं कधी आमच्या दुपारी येऊन बसली तर त्यांचा फायदा होईल आणि आमचाही.

हे झालं पुस्तकी. आता रकाना भरायचा कसा ते सांगते, कारण नुसती जागा वाढवून भागत नाही. चार ओळी दिल्या तर ‘टीव्ही, पेपर, देवपूजा, नातवंडं’ येईल.

‘तुमचा छंद काय?’ हा प्रश्नच आधी काढून टाका. पंचाहत्तरीच्या बाईला विचारून बघा. ती म्हणणार, “कसले छंद बाई, संसारातून फुरसत कुठे होती.” एका आजींनी मला हेच उत्तर दिलं. कंपवात, हात सतत थरथरते, फॉर्मवर ‘हस्तकौशल्य शून्य’. मग मी विचारलं की घरात चार बायका जमल्या की तुमच्या वाट्याला कोणतं काम यायचं? आजी जरा थांबल्या. म्हणाल्या, “चीक बघायचं.” कुरडयांचा चीक. वाड्यातल्या सगळ्या घरांच्या कुरडया एकाच आठवड्यात, आणि प्रत्येक पातेल्यापाशी आजींना हाक. हात पाण्यात बुडवायचा, बोट चिकाला लावायचं. चिकटला तर अजून कच्चा, सुटला तर उतरवा. “माझ्याशिवाय कोणी सोऱ्यात भरत नव्हतं,” असं म्हणताना त्यांची मान ताठ झालेली मी पाहिली.

पुढच्या एप्रिलमध्ये आम्ही गच्चीवर घाट घातला. आजींना सोऱ्या दाबता येत नाही, कुरडई घालता येत नाही. पण निवाडा त्यांचा. थरथरणारं बोट पाण्यात, मग चिकावर. “अजून दोन वाफा.” दोन तरुण नर्स मुली, एक स्वयंपाकाच्या मावशी आणि एक रिटायर हेडमास्तर चमचे धरून त्यांच्या तोंडाकडे बघत उभे. त्या दिवशी फॉर्मवरचं ‘हस्तकौशल्य शून्य’ मी खोडलं नाही. खरंच आहे ते. त्याच्या वर लिहिलं, ‘पारख उत्तम. काम ठरवते, लोक ऐकतात. उभं राहायला आधार लागतो, सकाळी दहाच्या आत, उन्हाआधी.’

असे प्रश्न विचारा. लोक तुमच्याकडे काय विचारायला यायचे? सणाला तुमच्यावाचून कोणतं काम अडायचं? शेवटचं पोट दुखेपर्यंत कधी हसलात? कोणती गोष्ट करताना जेवायची आठवण राहायची नाही? वाईट दिवस होते तेव्हा कशाने तगलात? या शेवटच्या प्रश्नाला उत्तर यायला वेळ लागतो. लागू द्या. पेन खाली ठेवा.

आणि विचारायचं त्या माणसालाच. मुलगा-सून बाजूला बसू देत, पण त्यांचं नंतर. नातेवाईक खोटं बोलतात असं नाही, पण आपल्याला आई-बाप जसे हवेत तसे ते सांगतात. ‘बाबांना भजनाची फार आवड’ म्हणून दाखल झालेल्या एका आजोबांनी मला तिसऱ्या दिवशी कानात सांगितलं, “मला पत्ते हवेत.” ज्यांची वाचा गेली आहे त्यांच्यापुढे वस्तू ठेवा, फोटो ठेवा, डोळे कुठे थांबतात ते बघा. बोटं काय वाजवतात तेही.

एका बैठकीत हे होत नाही. पहिल्या दिवशी माणूस घाबरलेला असतो, घर सोडून आलेला असतो, त्याला उलटतपासणी नको असते. पंधरा दिवसांत तीनदा अर्धा-अर्धा तास द्या, आणि त्यातला एक अर्धा तास खोलीबाहेर. आपल्याला गोदाघाट आहे, पंचवटीतली देवळं आहेत, 1840 पासून चालू असलेलं सार्वजनिक वाचनालय आहे, गल्लोगल्ली मिसळीची दुकानं आहेत. रविवार कारंज्यावरून जाताना जुना नाशिककर काय काय ओळखतो हे ऐकलंत तर तुमच्या सगळ्या स्मृतिचाचण्या फिक्या वाटतील. (सिंहस्थाच्या कामांनी सध्या रस्ते असे खोदलेत की व्हीलचेअर काय, धडधाकट माणूस जाईना. पण ते दुसऱ्या पत्रात.)

आता तुमच्या हरकती. त्या मला पाठ आहेत.

एक, “ताई, हे सगळं गोड-गोड आहे, माणूस पडला तर जबाबदारी कोणाची?” धोके लिहू नका असं मी कुठे म्हटलं? पडण्याची भीती, गिळण्याचा त्रास, फिट, साखर, सगळं लाल अक्षरात राहू दे. गिळायला त्रास असेल त्याला चीक चाखायला देऊ नये हे मलाही कळतं. पण जोखीम लिहिली की माणूस लिहून झाला, असं होत नाही. आमच्याकडे एक आजोबा रोज पावणेपाचला फाटकाकडे निघायचे. फाइल म्हणते, ‘भटकण्याची प्रवृत्ती’, उपाय म्हणून फाटकाला कुलूप. चौकशी केली तर सातपूरला कारखान्यातली पहिली पाळी संपली की घरी, चहा, आणि पाचच्या ठोक्याला दूध आणायला जायचे, सव्वीस वर्षं. आता साडेचारला एक मामा त्यांना घेऊन कोपऱ्यावरच्या डेअरीत जातात, किचनसाठी पिशव्या आणतात. कुलूप आहेच. त्याला ते आता हात लावत नाहीत.

दोन, “आम्ही लिहितो की चांगलं. हसतमुख, मनमिळाऊ.” हा लग्नाचा बायोडाटा झाला. जमेची बाजू अशी लिहा की उद्या नव्या आलेल्या मुलीला ती वाचून काम करता येईल : काय येतं, कधी, कोणाबरोबर, किती वेळ, किती मदतीने. ‘गाणी आवडतात’ याचा उपयोग नाही. ‘जुनी नाट्यपदं ऐकताना ताल धरतात, हेडफोनवर नाही, दुसऱ्या कोणाबरोबर बसून, वीस मिनिटं’ याचा आहे. आणि नको म्हणणं हीसुद्धा जमेचीच बाजू आहे. फायलींमध्ये ‘हट्टी’ असं लिहिलेल्या निम्म्या लोकांना आपल्याला काय नको ते पक्कं ठाऊक असतं, एवढंच.

तीन, “वेळ कोणाला आहे?” यावर मला जरा चिडायला होतं. तीन अर्धे तास म्हणजे दीड तास. मी प्रेसवाल्या काकांचे चार महिने घालवले. शिवाय माहिती तुमच्या इमारतीतच फिरत असते. अंघोळ घालणाऱ्या मावशींना माहीत असतं की कोण कोणत्या गाण्याला शांत होतं, कोणाला आधी पाय धुतलेले आवडतात. त्यांना कोणी विचारत नाही, कारण त्या लिहीत नाहीत. सांगू द्या, लिहायला मी आहे.

दिंडोरीकडचे एक द्राक्षबागायतदार होते. झटक्यानंतर डावा हात तेवढा चालत होता. बोटांच्या व्यायामासाठी दिलेला खुंट्यांचा बोर्ड ते रोज ढकलून द्यायचे आणि रोज त्यांच्या नावापुढे ‘असहकार’ पडायचा. ज्या माणसाने तीस वर्षं एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी स्वतः उभं राहून करून घेतली, त्याला भोकांत खुंट्या घालायला सांगत होतो आपण! डिसेंबरात त्यांचा पुतण्या बागेतले चार कच्चे घड घेऊन आला, विरळणीची बोथट टोकाची कात्री घेऊन आला. थेरपिस्ट मुलगी शेजारी बसली. काकांनी डाव्या हाताने तिची कात्री फिरवून दाखवली, कुठले मणी काढायचे, कुठले ठेवायचे, म्हणजे उरलेल्यांना फुगायला जागा मिळते. ती बिचारी सारखी चुकत होती आणि ते सारखे तिचं मनगट धरून वळवत होते. त्या चाळीस मिनिटांत डाव्या हाताचा जेवढा व्यायाम झाला तेवढा बोर्डावर महिन्यात झाला नव्हता, हे तीच म्हणाली. पुतण्या, घड, कात्री या बाहेरच्या जमेच्या बाजू. फॉर्ममध्ये पुतण्याचा फक्त मोबाइल नंबर होता, ‘इमर्जन्सी’पुढे.

तर मागणं असं. फॉर्मचं पहिलं पान बदला. आजारांची यादी दुसऱ्या पानापासून चालू द्या, एकही ओळ कमी करू नका. पहिल्या पानावर माणूस येऊ द्या : त्याला काय येतं, काय हवं, काय नको, त्याचं कोण आहे, शहरातली कोणती जागा त्याची आहे. ते पान पंधरा दिवस कच्चं ठेवा, पेन्सिलने, आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा काढा, कारण माणूस बदलतो आणि आजारही. माझ्यासारख्या दुपारच्या लोकांच्या रजिस्टरमधून ‘हजर / गैरहजर’ एवढंच मागू नका. कोण कशात रमलं, किती वेळ, हे मागा. तुम्ही मागाल तेव्हाच आम्ही लिहू. तपासणीला येणाऱ्या साहेबांना भजनाचा फोटो दाखवायचा असेल तर खुशाल दाखवा, पण कोणाला भजन नको होतं तेही तुम्हाला माहीत असू द्या.

पहिल्या पानाचा एक नमुना मी करून ठेवलाय. नऊ प्रश्न, सोप्या मराठीत, मोठ्या अक्षरात. ज्यांना हवा त्यांना झेरॉक्स आणून देईन, पैसे नकोत. पहिल्या दोन-तीन मुलाखतींना शेजारी येऊनही बसेन.

छापायला टाकण्याआधी तो नमुना मी प्रेसवाल्या काकांच्या टेबलावर ठेवला होता. त्यांनी उभं राहून, तिरका धरून, पाठपोट पाहिला. प्रश्न त्यांनी वाचले की नाही देव जाणे. मग माझ्याकडे सरकवला. “डावीकडे मार्जिन कमी आहे. फायलीला भोक पाडलंत की पहिलं अक्षर जाईल.”

मार्जिन वाढवलंय.

आपली,
दुपारची अ‍ॅक्टिव्हिटीवाली ताई,
नाशिक